मार्सेयच्या उंबरठ्यावर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. दर वर्षी एक तास असा यायचा की शेवटच्या बाकावर पेंगणारा मुलगाही मान वर करून बघायचा. तो तास सावरकरांच्या उडीचा. मी फळ्यावर डावीकडे ‘मोरिया’ बोट काढायची, उजवीकडे किनारा आणि मध्ये खडूने लाटाच लाटा. एकदा पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘बाई, किती लांब होता हो किनारा?’ मी म्हणाले, ‘खूप लांब.’ आणि फळा पुसून टाकला. खरे सांगायचे तर मला ते माहीत नव्हते. माझ्या बाईंनी मला ज्या लाटा काढून दाखवल्या, त्याच मी पुढे काढत गेले.

निवृत्त झाले, मुले आपापल्या संसाराला लागली, तरी ते ‘खूप लांब’ काही मनातून जाईना. म्हणून २०२३च्या ऑक्टोबरात मी त्या शहरात जाऊन आले. एकटीच गेले आणि शहर जमेल तेवढे पायी पाहिले. आपल्याकडे त्याला मार्सेलिस म्हणायची सवय आहे. तिथली माणसे मार्सेय म्हणतात. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, भूमध्य समुद्रावरचे हे बंदर सव्वीसशे वर्षांचे आहे.

जाण्याआधीची एक छोटी गोष्ट सांगते. व्हिसाच्या अर्जाला बँकेचा हिशेब, परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण, विम्याचा कागद, सारे जोडले होते. खिडकीमागच्या मुलीने विचारले, ‘ग्रुप कोणता?’ म्हटले, ग्रुप नाही. ‘मग सोबत कोण?’ कोणी नाही. तिने एकदा कागदांकडे आणि एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले. ‘कशासाठी जाताय?’ आता हिला फळ्यावरच्या लाटा कशा सांगणार? ‘फिरायला,’ म्हटले. पुढे व्हिसा मिळाला, पण त्या खिडकीपाशी पोटात आलेला गोळा मला मार्सेयच्या रस्त्यांवर वारंवार आठवला. का, ते पुढे येईलच.

मार्सेयचे मुख्य रेल्वे स्थानक, सँ शार्ल, एका टेकाडावर आहे. बाहेर आले की समोर शहर पसरलेले दिसते आणि पायाशी १०४ पायऱ्यांचा भव्य जिना. हा जिना १९२०च्या दशकातला. तो उतरताना दोन आडव्या पहुडलेल्या बायकांचे पुतळे दिसतात. एक आशियातल्या फ्रेंच वसाहतींची, दुसरी आफ्रिकेतल्या. आपला पैसा कुठून आला, हे या शहराने असे दारातच मांडून ठेवले आहे. मी पाठीवरची पिशवी सावरत पायऱ्या मोजत उतरले. १०४ पुऱ्या भरल्या.

खाली थोडे चालले की कानबिएर नावाचा रुंद रस्ता लागतो. आज तिथे ट्राम धावते आणि दुकाने आहेत. नाव मात्र भांगेच्या झाडावरून पडले आहे. त्या झाडाचा वाख काढून इथे जहाजांचे दोर वळत. हा रस्ता थेट पाण्याशी जाऊन थांबतो. ते पाणी म्हणजे ‘व्यू पोर’, जुने बंदर. तिन्ही बाजूंनी शहराने कवेत घेतलेले लांबट पाणी, आणि चौथ्या बाजूला समुद्राकडे जाणारे अरुंद तोंड. या तोंडावर दोन किल्ले आहेत. १६६०च्या सुमारास चौदाव्या लुईने या बंडखोर शहराला वेसण घालण्यासाठी तिथे कामे काढली. किल्ला बंदराच्या तोंडावर असला तरी तोफांची भीती शहराला जास्त असे, असे इथली माणसे आजही हसत सांगतात.

सकाळी धक्क्यावर मासे विकायला मांडलेले असतात. विकणाऱ्या बायकांचा आवाज आणि हात कमरेवर ठेवण्याची ढब पाहून मला भाऊच्या धक्क्याची आठवण झाली. बाजूलाच, २०१३ साली उभारलेले आरशासारखे चकचकीत छत आहे. त्याखाली उभे राहून वर पाहिले की आपण उलटे दिसतो. त्या गर्दीत एकटी उभी राहून मी स्वतःला उलटी पाहून घेतले.

या शहराच्या जन्माची कथा आपल्या ओळखीची वाटते. ख्रिस्तपूर्व ६००च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या फोकेआ गावचे ग्रीक दर्यावर्दी इथे आले. त्या दिवशी स्थानिक लिगुरियन टोळीच्या राजाने मुलीचे स्वयंवर मांडले होते. पाहुण्यांनाही पंगतीला बसवले. मुलीने, जिप्तिसने, पाण्याचा प्याला ज्याच्या हाती द्यायचा तो नवरा. तिने तो परक्या प्रोतिसच्या हाती दिला आणि राजाने जावयाला वसाहतीसाठी जागा दिली. ही दंतकथाच. पण मसालिया ही ग्रीक वसाहत खरी. १९६७ साली बाजारसंकुलासाठी खोदकाम करताना तिची तटबंदी आणि जुन्या बंदराचा काठ सापडला. जुन्या बंदरापासून चालत चार-पाच मिनिटांवर तो बागेत जपून ठेवला आहे. हे शहर स्वतःच्या जन्माची गोष्ट सांगते ती अशी, परक्याला प्याला दिल्याची. मी ती मनात ठेवली आणि पुढचे तीन दिवस तपासत फिरले.

पहिल्या दिवशी माझी एक फजिती झाली. जुन्या बंदराच्या काठावर उभी राहून मी मनातल्या मनात बोट कुठे असेल, खिडकी कुठे असेल, असा हिशेब करत होते. डोळे भरून आले होते. रात्री खोलीवर नकाशा उघडला तेव्हा कळले की मी चुकीच्या पाण्यापाशी उभी होते! मोठ्या आगबोटींना जुने बंदर पुरत नव्हते. म्हणून १८४४पासून उत्तरेकडे झोलिएत इथे नवी गोदी बांधायला घेतली, ती १८५३ला पुरी झाली. १८६९ला सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईची वाट मार्सेयच्या दारावरून जाऊ लागली. विलायतेला निघालेले कितीतरी प्रवासी इथेच उतरून पुढे रेल्वेने जात. स्पेनला वळसा घालणारा समुद्राचा आठवडाभराचा प्रवास वाचे. १९३१ साली गोलमेज परिषदेला जाताना गांधीजीही इथेच उतरले. जकातवाल्याने सामान विचारले तेव्हा त्यांनी चरखे, तुरुंगातली ताटवाटी, बकरीच्या दुधाचा डबा आणि पंचे एवढीच यादी सांगितली. तेव्हा दुसऱ्या दिवशी झोलिएतला जायचे ठरवले. दोन-अडीच किलोमीटरची वाट आहे, पण मध्ये सारा जुना इतिहास आडवा येतो.

जुन्या बंदराच्या उत्तर काठाने निघाले. नगरपालिकेची सतराव्या शतकातली इमारत लागते. तिच्यामागे आणि दोन्ही बाजूंना मात्र सगळी घरे एका वयाची, एका घडणीची. जुन्या शहरात असे का, असा प्रश्न चालणाऱ्यालाच पडतो, बसमधून जाणाऱ्याला नाही. उत्तर १९४३ सालात आहे. इथे पूर्वी अरुंद गल्ल्यांची दाट वस्ती होती. खलाशी, कोळी, इटलीतून आलेले मजूर, पळून आलेले ज्यू. जर्मनांच्या लेखी ही घाण होती. २२ ते २४ जानेवारीला जर्मन फौजा आणि फ्रेंच पोलिसांनी मिळून शहरभर धरपकड केली. या वस्तीतल्या सुमारे वीस हजार माणसांना थोडेसे सामान घेऊन घराबाहेर काढले. १६४२ जणांना आगगाडीत घालून उत्तरेकडच्या छावणीत पाठवले. त्यांतले जवळपास आठशे ज्यू होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचा शेवट पोलंडमधल्या सोबिबोरला झाला. १ फेब्रुवारीपासून सुरुंग लावून दीड हजार इमारती पाडल्या. आज तिथे खालच्या मजल्यांवर उपाहारगृहे आहेत. मी एका ठिकाणी बसून कॉफी घेतली. पायाखाली कोणाचे घर होते, याची फरशीवर काही खूण नव्हती.

या वस्तीच्या वर पानिए नावाचा जुना भाग वाचला आहे. चढाच्या पायऱ्या, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे, भिंतींवर रंगवलेली चित्रे. तिथे सतराव्या-अठराव्या शतकांत बांधलेली एक तीन मजली कमानींची देखणी वास्तू आहे, व्येय शारिते. आज तिथे संग्रहालये आहेत. बांधली तेव्हा मात्र ती रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना पकडून कोंडण्यासाठी होती. बाहेरच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नाहीत. अंगणात उभे राहिले की दगडांवर गुलाबी ऊन पडते आणि क्षणभर विसरायला होते की या सुंदर कमानींमागे माणसे डांबलेली होती.

पानिएतून समुद्राकडे उतरले की तूरेत नावाची उघडी गच्चीसारखी जागा लागते. बंदराचे तोंड इथून नीट दिसते. मार्सेयच्या लोकांना या जागेची आठवण वेगळी आहे. ती सांगण्याआधी आपल्या कापडाबद्दल चार शब्द बोलले पाहिजेत.

सतराव्या शतकात हिंदुस्थानातले छापील सुती कापड, आपली छीट, या बंदरात उतरू लागली. धुतली तरी रंग न जाणारी. युरोपात असे काही नव्हते. लोक वेडे झाले. फ्रेंचांनी तिला नावच दिले ‘अँदिएन’, म्हणजे हिंदी बाई म्हणा ना. १६४८मध्ये मार्सेयमध्येच तिची नक्कल छापायला सुरुवात झाली. रेशीम-लोकरवाल्यांचा धंदा बसू लागला म्हणून १६८६ला राजाने बंदी घातली आणि ती १७५९पर्यंत टिकली. पण मार्सेयला १६६९पासून मुक्त बंदराची सवलत होती, त्यामुळे पूर्वेकडचा माल येतच राहिला. आजही या भागातल्या टेबलपोसांवर कोयरीची नक्षी असते. दुकानदारीण मला ती खास प्रोव्हान्सची म्हणून दाखवत होती. मी मान डोलावली. माहेरची ओळख कुठे द्यायची आणि कुठे नाही, हे बायकांना कळते!

तर, २५ मे १७२० रोजी ‘ग्राँ-सँत-आंत्वान’ नावाचे जहाज सिरिया-लेबनॉनच्या किनाऱ्यावरून कापड आणि कापूस भरून मार्सेयला आले. वाटेत जहाजावर माणसे दगावली होती. त्यांत जहाजाचा वैद्यही होता. नियम कडक होते. संशयित जहाज दूरच्या बेटापाशी ठेवायचे, माल उतरवायचा नाही. पण जुलैत बोकेरची मोठी जत्रा होती आणि माल तिथे विकायचा होता. मालाच्या मालकांत शहराचा प्रमुख कारभारी एस्तेल याचाही वाटा होता. कापडाचे गठ्ठे शहराबाहेरच्या वखारीत उतरले. जूनच्या अखेरीस गल्ल्यांत प्लेग पसरला. नव्वद हजारांच्या शहरातली जवळजवळ निम्मी माणसे गेली. उचलायला कोणी उरले नाही, तेव्हा याच तूरेतवर शेकडो प्रेते उन्हात पडून राहिली. सप्टेंबरात शेवाल्ये रोझ नावाच्या अधिकाऱ्याने कैदी आणि शिपाई घेऊन ती जुन्या तटाच्या पोकळ बुरुजांत लोटली. कैद्यांपैकी फार थोडे वाचले.

आपल्यालाही हे नवे नाही. १८९६ला मुंबईत प्लेग पहिल्यांदा दिसला तो बंदराला लागून असलेल्या मांडवीतच, आणि पुढे पुण्यात काय काय घडले ते आपण जाणतो. तूरेतवर मला खटकली ती निराळी गोष्ट. बंदराचे दार कधी उघडायचे आणि कधी बंद करायचे, याचे नियम मार्सेयने फार आधी लिहून ठेवले होते. त्या दिवशी ते नियम मोडले, कारण माल वजनदार माणसांचा होता. दारावरचा नियम सर्वांना सारखा कधीच नसतो. मला व्हिसाची खिडकी आठवली.

तिथून उतरून मोठ्या चर्चच्या बाजूने झोलिएतला पोहोचले. डाव्या हाताला कॉर्सिका आणि अल्जीरियाला जाणाऱ्या पांढऱ्या बोटी उभ्या होत्या. उजव्या हाताला १८६०च्या सुमाराच्या लांबच लांब वखारी. आता त्यांत कचेऱ्या आणि दुकाने. आणि पाण्याच्या व माझ्या मध्ये उंच तारेचे कुंपण. मी कुंपणाच्या कडेने चालत राहिले. एका फाटकाशी पहारेकरी होता. त्याला हातवाऱ्यांनी विचारले, आत पाण्यापर्यंत जाऊ का? त्याने शांतपणे मान हलवली. तिकीट नाही, प्रवेश नाही. त्याचे काही चुकले नाही. तिथल्या नियमाप्रमाणे तो वागला.

तर मग फळ्यावरच्या त्या लाटांचे काय?

८ जुलै १९१०ची सकाळ. सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली होती आणि खटल्यासाठी मुंबईला नेत होते. ‘मोरिया’ आदल्या संध्याकाळी या बंदरात येऊन थांबली होती. शौचकूपाच्या वाटोळ्या खिडकीतून त्यांनी अंग बाहेर काढले, पाण्यात उडी घेतली, पोहत धक्का गाठला आणि ते पळत सुटले. म्हणजे बोट भर समुद्रात नव्हती. बंदराच्या आत, लाटा अडवून शांत केलेल्या पाण्यात होती. धक्का जवळ होता. माझ्या फळ्यावरचा समुद्र तिथे नव्हताच.

हे कुंपणाशी उभे राहून नीट लक्षात आले तेव्हा आधी मन खट्टू झाले. मग वाटले, आपण तीस वर्षे मुलांना चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवायला लावल्या. ती उडी पोहण्याची परीक्षा नव्हती, कायद्याची होती. बोटीवर इंग्रजांचा अंमल होता. धक्क्यावर फ्रान्सचा. त्या जमिनीवर पाय टेकला की इंग्रज पोलिसाला हात लावायचा अधिकार उरत नाही. त्याने रीतसर फ्रान्सकडे मागणी करायची, आणि राजकीय कैदी परत देण्याची फ्रान्सची रीत नव्हती. बॅरिस्टरी शिकलेल्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने ते सारे ताडले होते. म्हणून पकडले गेल्यावर मला न्यायाधीशापुढे न्या, असे ते सांगत होते, असे चरित्रांत आहे.

पण धक्क्यावर फ्रेंच बंदर पोलिसांतला एक अधिकारी होता. समोरून अंगावर धड कपडे नसलेला एक परका माणूस धावत येतोय, मागून बोटीवरची माणसे ओरडत येताहेत. त्याने पळणाऱ्याला पकडले, आणि पाठलाग करणाऱ्यांच्या मदतीने बोटीवर नेऊन सोडले. काही मिनिटांचा मामला. ९ जुलैला ‘मोरिया’ सावरकरांना घेऊन निघून गेली.

यानंतर युरोपात गदारोळ झाला. मादाम कामा धडपडल्या. कार्ल मार्क्सचा नातू झाँ लाँगे याने ‘ल्युमानिते’ या फ्रेंच दैनिकातून प्रकरण लावून धरले. फ्रान्सने इंग्लंडकडे कैदी परत मागितला, आणि वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट हे अध्यक्ष, एकूण पाच पंच. २४ फेब्रुवारी १९११ला निकाल लागला. त्याचा सारांश मी आता मुलांना असा सांगेन : अटक करून ताब्यात देणे अनियमित होते, हे खरे. पण फसवणूक किंवा बळजबरी झालेली नाही, सगळे सद्हेतूने वागले. परक्या शिपायाच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत केलाच पाहिजे, असा कोणताही आंतरराष्ट्रीय नियम नाही. म्हणजे चूक मान्य, पण दुरुस्ती नाही. तोवर मुंबईत दोन जन्मठेपांची शिक्षा सुनावून झाली होती. पुढे अंदमान.

सावरकरांच्या विचारांविषयी आपल्यात तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. त्यात मी आत्ता शिरत नाही. मी त्या फाटकाशी विचार करत होते तो त्या चार मिनिटांचा. आसरा मागणारा माणूस खरेच आसऱ्याच्या जमिनीवर पोहोचला होता, आणि तरीही त्याच जमिनीच्या शिपायाने त्याला परत दिले.

याच बंदराने तीस वर्षांनी उलटा खेळही पाहिला. १९४० साली फ्रान्स पडल्यावर हिटलरपासून पळालेले लेखक, चित्रकार, विद्वान मार्सेयमध्ये अडकले. त्यांना देशाबाहेर पडायलाही परवाना लागे. तो मिळेपर्यंत शहरात राहायचा परवाना संपे. व्हेरियन फ्राय नावाच्या एका अमेरिकन पत्रकाराने इथे राहून दोन हजारांच्या आसपास लोकांना बाहेर पडायला मदत केली. त्यासाठी त्याने गरजेला खोटे कागदही वापरले. १९४१च्या मार्चमध्ये इथून सुटलेल्या एका बोटीवर मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस होते. कागद नसलेले किती मागे राहिले, त्यांतले काही दोन वर्षांनी त्या जानेवारीच्या धरपकडीत सापडले.

कुंपणाने पाणी दाखवले नाही म्हणून संध्याकाळी मी टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्दला चढून गेले. दम लागला, वाटेत तीनदा बसले. आत खलाशांनी नवस फेडताना वाहिलेल्या छोट्या छोट्या जहाजांच्या प्रतिकृती छतापासून टांगलेल्या आहेत. आपल्याकडे देवळात पाळणे वाहतात तसेच. बाहेरच्या कठड्यावरून अख्खे बंदर एका नजरेत आले. डावीकडे मोकळा समुद्र, समोर जुने बंदर, पलीकडे झोलिएतच्या गोद्या आणि त्यांच्यापुढे समुद्र अडवणारी लांब भिंत. भिंतीच्या आतले पाणी वरून निजलेल्या तळ्यासारखे दिसत होते. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले.

त्या रात्री एका गाडीवर पानिस नावाचा पदार्थ घेतला. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ शिजवून, थापून, वड्या पाडून तळलेले. पहिला घास घेतला आणि हसू आले. पाटवडी! वर फक्त कोथिंबीर-खोबरे नव्हते. गाडीवाल्याने विचारले, ‘एकट्याच?’ भाषा कळली नाही, पण तो प्रश्न मला आता कोणत्याही भाषेत कळतो.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेला निघाले. सहा-सात किलोमीटर, प्रादोच्या झाडीतून, मग बुलव्हार मिशलेवरून. वाटेत चंदीगडच्या ल कॉर्बुझिएने १९५२ला पुरी केलेली प्रचंड निवासी इमारत लागते. शेवटी माझार्ग हे उपनगर. तिथे पहिल्या महायुद्धातली लष्करी दफनभूमी आहे.

२६ सप्टेंबर १९१४ रोजी हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन मार्सेयला उतरली. पाठोपाठ मेरठ डिव्हिजन. लाहोर डिव्हिजनमध्ये पुण्याजवळच्या खडकीचे सॅपर्स होते, त्यांत मराठे होते. शहर रस्त्यावर लोटले. बायकांनी जवानांच्या हाती फुले दिली, अंगरख्यांना टाचली. त्या काळची छायाचित्रे आहेत. महिन्याभरात हे जवान सुती गणवेशात बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या चिखलात होते. २८ ऑक्टोबरला नव्ह शापेलला खडकीच्या दोन कंपन्यांची मोठी हानी झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार हिंदी माणसे फ्रान्सच्या आघाडीवर आली.

माझार्गला त्या दिवशी माझ्याशिवाय कोणी नव्हते. हिरवळ नीट कापलेली, पांढऱ्या दगडांच्या ओळी. काही दगडांवर देवनागरी अक्षरे. परक्या देशात तीन दिवस एकही ओळखीचे अक्षर दिसले नव्हते, आणि दिसले ते तिथे. ज्यांना अग्नी दिला त्यांची नावे एका स्मारकावर आहेत. त्याचे अनावरण १९२५ साली झाले. २०२५च्या फेब्रुवारीत भारताच्या पंतप्रधानांनी आणि फ्रान्सच्या अध्यक्षांनी तिथे मिळून फुले वाहिल्याची बातमी वाचली तेव्हा मला त्या रिकाम्या दुपारची आठवण झाली. त्याच दौऱ्यात मार्सेयला भारताचा वाणिज्य दूतावास सुरू झाला आणि पंतप्रधानांनी सावरकरांच्या त्या उडीचे स्मरणही केले.

त्या दगडांपाशी बसून मी साधा हिशेब केला. १९१० आणि १९१४, मध्ये चार वर्षे. शहर तेच, बंदर तेच, आलेली माणसेही एकाच देशाची. एकजण आसरा मागायला आला, त्याला दंडाला धरून परत पाठवले. हजारो लढायला, मरायला आले, त्यांना फुले दिली. मार्सेयची माणसे वाईट नव्हती. फुले देणाऱ्या बायकांच्या मनात खोट नव्हती. त्या शिपायालाही हेगच्या पंचांनी सद्हेतूचा दाखला दिलाच आहे. पण दारात उभ्या असलेल्याला तुम्ही काय मागता, यावर नव्हे, तुमचा आम्हाला काय उपयोग, यावर आत घेतले जाते. जिप्तिसच्या प्याल्याची गोष्ट मी सव्वीसशे वर्षांतून चालत चालत इथवर आणली होती. ती शहर सांगते तितकी सोपी नाही, एवढे मला कळले.

परत आल्यावर एकदा शाळेत बोलावले होते. मी फळ्यावर पुन्हा बोट काढली. या वेळी किनारा बोटीच्या जवळ काढला, इतका जवळ की मुले कुजबुजली. मध्ये लाटा काढल्या नाहीत. किनाऱ्यावर एक माणूस काढला, टोपी घातलेला. एका मुलाने विचारले, ‘बाई, हा कोण?’

म्हटले, ‘धडा याच्यापासून सुरू होतो.’